खाडीतला पारा, लेकीचा चौथा महिना आणि मोरीचं कालवण

ताईंनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. त्यांची मुलगी ऐरोलीला कोळीवाड्यात दिलीय, सध्या चौथा महिना चालू आहे. घरात म्हावऱ्याशिवाय जेवण होत नाही आणि त्यातलं बरंचसं सासऱ्यांच्या होडीतून थेट खाडीतलंच येतं. कुठल्यातरी ग्रुपवर मेसेज फिरला की ठाणे खाडीत पारा आहे, तिथले मासे म्हणजे विष, आणि तेव्हापासून ताईंची झोप उडालीय. मासे पूर्ण बंद करायचे का, घरच्या आरओने पारा जातो का, आणि खाडीचं पाणी बाटलीत भरून आणलं तर तपासून द्याल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षं पाणी, सांडपाणी, गाळ आणि मासे यांच्यातले धातू मोजायचं काम करतोय, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्याच लॅबमध्ये. डॉक्टर नाहीये, केमिस्ट आहे, तेव्हा औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारा, बाकीचं सांगतो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण खरी गोम तिथेच आहे. ताई, बाटली आणू नका. एकतर प्लास्टिकच्या बाटलीत पारा टिकत नाही, थोडा आतल्या बाजूला चिकटून बसतो, थोडा वाफ होऊन निघून जातो, आणि चार दिवसांनी माझ्याकडे येईपर्यंत उरतं ते नुसतं खारं पाणी. आम्ही ॲसिडने धुतलेली काचेची नाहीतर टेफ्लॉनची बाटली नेतो, पाणी भरलं की जागेवरच ॲसिड टाकतो आणि बर्फाच्या पेटीत ठेवतो. पण समजा हे सगळं नीट केलं तरी रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा काय येणार तर बीडीएल, म्हणजे आमच्या मशीनला दिसेल इतकासुद्धा नाही. आणि लोक ते वाचून खूश होतात. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाल्याच्या पाण्याचा असा रिपोर्ट लिफ्टमध्ये चिकटवला होता, खाली पेनाने लिहिलेलं, काळजी नसावी.

पाण्यात दिसत नाही याचा अर्थ नाही असा होत नाही, कारण पारा पाण्यात थांबतच नाही. तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि कणांबरोबर तळाला जातो. विटाव्याच्या बाजूला ओहोटीला गाळाचं सँपल घ्यायला उतरलात ना, तर गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि फावडं मारलं की वर जेमतेम नखाएवढा तपकिरी थर निघतो आणि त्याच्या खाली एकदम काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ, सडक्या अंड्याचा वास मारणारा. तो वास महत्त्वाचा आहे. त्या काळ्या थरात ऑक्सिजन नाही, तिथले जंतू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि त्यातून तो वासाचा गॅस निघतो. हेच जंतू आणि त्यांचे काही भाऊबंद साध्या पाऱ्याला एक कार्बनचं शेपूट जोडून देतात आणि त्याचा होतो मिथाइल पारा. सगळं प्रकरण या शेपटाचं आहे.

कारण थर्मामीटरमधला साधा चकचकीत पारा चुकून गिळला तर जवळपास सगळा तसाच बाहेर पडतो, आतड्यातून रक्तात अगदीच नगण्य जातो. (म्हणून गिळा असं म्हणत नाहीये, आणि त्याची वाफ फुप्फुसात गेली तर ती ऐंशी टक्के आत राहते.) मिथाइल पारा मात्र खाल्ला की ९५ टक्क्यांच्या आसपास रक्तात जातो, मेंदूत शिरतो आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा, ओलांडून बाळापर्यंतही पोचतो. शरीर त्याला आपल्याच प्रोटीनचा तुकडा समजून दार उघडतं.

आता तो गाळातून ताटात कसा येतो. गाळातलं आणि पाण्यातलं बारीकसारीक शेवाळ थोडा घेतं, ते कोळंबी नि बोयटं खातात, त्यांना शेंगाळा नि जिताडा खातो. प्रत्येक पायरीला खाणारा आयुष्यभर खातच राहतो पण पारा बाहेर टाकायला त्याला फार वेळ लागतो, म्हणून साठत जातो. पाण्यात जेवढा असतो त्याच्या लाखो पट मोठ्या शिकारी माशाच्या मांसात मिळू शकतो. म्हणून पाणी बीडीएल आणि मासा मात्र लिमिटच्या वर, हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच खाडीत खरं असू शकतं. आणि हो, तो चरबीत नसतो, मांसाच्या प्रोटीनला बांधलेला असतो. त्यामुळे कोकम, मीठ-हळद, उकळणं, तळणं, कातडं काढणं, डोकं टाकून देणं, काहीही करा, जात नाही.

आपल्या खाडीत पारा आला कुठून हेही सांगतो, कारण मेसेजमध्ये ते कधीच नसतं. कॉस्टिक सोडा बनवायची एक जुनी पद्धत होती, त्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची आणि खाली वाहत्या पाऱ्याचा थर असायचा, सोडियम त्या पाऱ्यात विरघळायचं आणि पुढे त्याचा कॉस्टिक व्हायचा. रेयॉन, कागद, साबण सगळ्यांना कॉस्टिक लागतो. ठाणे जिल्ह्यात असे कारखाने होते आणि उल्हास, काळू या नद्या नि खाडीच्या पट्ट्यात पारा उतरायचं मोठं कारण तेच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ मध्येच पेपर लिहिला, आणि २००३ मध्ये उल्हासच्या मुखाजवळच्या गाळावर. म्हणजे जे आज फॉरवर्ड म्हणून फिरतंय ते चाळीस वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे, नवीन काही नाही. पाऱ्याची ती पद्धत आपल्याकडे आता बंद झाली, पारा न लागणारी मेंब्रेनची पद्धत आली. त्यामुळे नवीन पारा येणं खूप कमी झालं, पण कोळसा जाळणं, फुटलेल्या ट्यूब, दातांचं जुनं चांदीचं फिलिंग, कचऱ्याला लागणाऱ्या आगी हे चालूच आहे. जगात सगळ्यात जास्त पारा छोट्या सोन्याच्या खाणींमुळे हवेत जातो, आपल्याकडे तसं नाही, पण सराफाच्या गल्लीत झारेकरी गटारातली माती धुऊन पाऱ्यात सोन्याचे कण पकडतात ती आयडिया तीच, फक्त छोटी.

मिनामाताचं नाव मेसेजमध्ये हमखास असतं म्हणून त्याबद्दल. जपानच्या या गावात १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. आधी मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, मग कोळ्यांची पोरं, मग मोठी माणसं. हातापायाला, ओठांना मुंग्या, बोलणं जड, चालताना तोल जाणं, नजर चहूबाजूंनी आकसत जाऊन नळीतून बघितल्यासारखी होणं. चिस्सो या केमिकल कंपनीचं सांडपाणी खाडीत सोडलं जात होतं, आणि सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडलं. तोवर १९६५ मध्ये निगाताला आगानो नदीवर तोच प्रकार दुसऱ्यांदा झालेला. मिनामातातल्या काही आयांना स्वतःला फारसं काही जाणवलं नाही, मुलं मात्र जन्मतःच अपंग झाली. हे वाचून कुठल्याही आईला धडकी भरणारच.

पण फरक समजून घ्या. चिस्सोमध्ये पारा ज्या रिॲक्शनमध्ये वापरला जायचा तिथेच त्याचा मिथाइल पारा तयार होत होता आणि तयार विषच पाइपातून बाहेर पडत होतं, बंदिस्त खाडीत, वर्षानुवर्षं. आपल्याकडे आला तो मुख्यतः साधा पारा, त्यातला थोडाच जंतू रूपांतरित करतात, बराचसा गाळातल्या सल्फाइडला धरून घट्ट बसतो, आणि आपल्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी आहे. म्हणून ठाणे खाडी म्हणजे मिनामाता असं जो लिहितो त्याला दोन्हीतलं काही माहीत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि काहीच नाही म्हणणाराही तसलाच.

मग खायचं काय. आकड्यात सांगतो, सोपं आहे. अन्नातल्या विषांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने मिथाइल पाऱ्यासाठी आठवड्याची मर्यादा ठरवलीय, दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम, आणि ती पोटातल्या बाळाचा विचार करूनच. मुलीचं वजन ५० किलो धरा, म्हणजे आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. आता मोठ्या शिकारी माशात किलोला अर्धा मिलिग्रॅम पारा असेल, जो असू शकतो, तर आठवड्याला फक्त १६० ग्रॅम खाता येतो, म्हणजे दोन तुकडे. छोट्या माशात त्याचा दहावा भाग असेल तर दीड किलोच्या वर जातो, तेवढे मासे चौथ्या महिन्यात कुणी खात नाही, मळमळच जास्त. म्हणजे मासे खायचे की नाही हा प्रश्नच चुकलाय, कुठला आणि केवढा हे विचारायला हवं.

मांदेली, तारली, बांगडा, बोंबील, लहान पापलेट, कोळंबी हे खाऊ दे, आठवड्यातून दोन-तीन वेळा. छोटे आणि कमी जगणारे मासे, पारा साठवायला त्यांना वेळच मिळत नाही. मोठी सुरमई, घोळ, मोठा जिताडा हे क्वचित. कुपा (ट्यूना) टाळा. खाडीतला मोठा शेंगाळा मी स्वतः घरी आणत नाही. शिवल्या नि कालवं खाडीतली सध्या नकोच, ती पाऱ्यासाठी नाही, सांडपाण्यातल्या जंतूंसाठी, तो वेगळा विषय.

आणि मोरी. यावर मुद्दाम थांबतो, कारण मला माहितीये पुढे काय होणार आहे. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण करतात, विहीणबाई मायेने करणार, आजी सांगणार, बाजारातली मावशीसुद्धा पोट बघून म्हणणार, "घे गो, मोरी घे, पोरीला बरी." मोरी म्हणजे शार्क. समुद्रातला वरच्या पायरीचा शिकारी, वर्षानुवर्षं जगणारा, आणि जगात जिथे जिथे गरोदर बायकांसाठी माशांची यादी काढतात तिथे टाळायच्या माशांत शार्क पहिल्या रांगेत असतो. लहान मुशी त्या मानाने बरी, तरी गरोदरपणी नि अंगावर पाजताना मी मोरीला सरळ नाहीच म्हणेन. हे खाडीचंही नाही, खोल समुद्रातल्या, कारखाना कधी न बघितलेल्या मोरीतही पारा असतो. यात विहीणबाईंचा अपमान नाही, त्यांना शांतपणे सांगा, त्याच रश्शात बांगडा घाला म्हणावं, मसाला तोच.

पूर्ण बंद का नको, तर माशातलं ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला लागतं. दोन बेटांचे अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहेत. फॅरो बेटांवर लोक पायलट व्हेलचं मांस खातात, त्यात पारा भरपूर, आणि तिथल्या मुलांच्या भाषा, लक्ष, स्मरणशक्ती यांच्या चाचण्यांत फरक दिसला. सेशेल्समध्ये बायका आठवड्याला बारा-बारा वेळा साधे समुद्री मासे खातात, तिथल्या मुलांमध्ये तसा ठळक तोटा दिसला नाही. मासे बंद करून बिस्किटं खाणं हा काही उपाय नव्हे.

बाळाच्या बाजूने अजून एक गोष्ट. नाळेच्या रक्तात मिथाइल पारा आईच्या रक्तापेक्षा सरासरी पावणेदोन पटीच्या आसपास असतो, म्हणजे आईकडून बाळ ओढून घेतं. आणि शरीरातला पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून आजपासून बदल केला तर सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत बराच उतरेल, उशीर झालेला नाही. पण धाकटी कुणी लग्न झालेली, मूल हवं असलेली असेल तर तिने आधीपासूनच यादी पाळलेली बरी.

मनातली शंका जात नसेल तर तपासणी करता येते. माशांतून आलेल्या पाऱ्यासाठी रक्त किंवा केस, लघवी नव्हे, लघवीत दिसतो तो बहुतेक वाफेतून नाहीतर गोरं करणाऱ्या क्रीममधून आलेला. केस मला जास्त आवडतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे मुळापासून तीन सेंटिमीटर कापले तर मागच्या तीन महिन्यांची डायरीच हातात येते. किलोला एक मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला की निवांत राहा. वर आला तर डॉक्टरांना दाखवा आणि मासे बदला, पण इंटरनेटवर जे 'डिटॉक्स' नि 'किलेशन' (औषध देऊन अंगातले धातू बाहेर काढणं) विकतात त्याच्या नादी गरोदरपणात अजिबात लागू नका.

आरओचं एका वाक्यात, तो पारा बऱ्यापैकी काढतो पण नवी मुंबईला पाणी येतं मुख्यतः मोरबे धरणातून, खाडीतून नाही, त्यामुळे तुमच्या नळात हा प्रश्नच नाही. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे.

खरं सांगायचं तर कोळीवाड्यातल्या घरांत मला खाडीपेक्षा दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते. एक, गोरं करणारी स्वस्त क्रीम, लेबल नसलेली किंवा परदेशी अक्षरं असलेली. काहींमध्ये पारा इतका घालतात की किडनी खराब होते, २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला डॉक्टरांना असे पेशंट एकामागून एक सापडले. मुलीच्या कपाटात असलं काही असेल तर आजच बाहेर. दोन, फुटलेला थर्मामीटर. हे मी स्वतः भोगलंय. मी नवीन असताना ज्या लॅबमध्ये होतो तिथे कुणीतरी मॅनोमीटर (दाब मोजायची पाऱ्याची नळी) फोडला आणि कुणाला न सांगता झाडूने आवरलं. पुढचे तीन आठवडे आमच्या ब्लँकला, म्हणजे ज्या नळीत फक्त शुद्ध पाणी आणि ॲसिड असतं तिलाच, पाऱ्याचं रीडिंग यायला लागलं. मशीन उघडलं, दिवा बदलला, ॲसिडची नवी बाटली फोडली, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एका मुलाने फरशीच्या सांध्यात टॉर्च मारला तर आत मोहरीएवढे मणी चमकत होते, झाडूने ढकललेले, रोज थोडे थोडे हवेत उडणारे. तेव्हापासून सांगतो, झाडू नको, व्हॅक्युम तर नकोच. खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, जाड कागदाने मणी एकत्र करा, बारीक चिकटपट्टीवर उचला, झाकणाच्या बरणीत बंद करा आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळं द्या. बेसिनमध्ये ओतलात तर परत खाडीतच.

खाडीच्या जीवांचं म्हणाल तर लोक फ्लेमिंगोंबद्दल विचारतात. ते साखळीत खालचं खातात, शेवाळ नि बारीक जीव, म्हणून पाऱ्याच्या बाबतीत त्यांची मला तेवढी चिंता नाही. मासे खाणारे बगळे, ढोकरी, घारी यांची जास्त, जगभरात मासेखाऊ पक्ष्यांमध्ये पाऱ्यामुळे अंडी कमी उबणं, पिल्लांकडे दुर्लक्ष असं दिसलंय. पक्षी थोडा पारा पिसांत ढकलून पिसं गाळतात तेव्हा टाकून देतात, एवढी एक सोय निसर्गाने दिलीय. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, पण पाटीने गाळ स्वच्छ होत नाही.

आणि गाळ ढवळू नये हे मात्र मी प्रत्येक मीटिंगला बोलतो. जुना पारा आता खालच्या थरात आहे, वर दरवर्षी पावसाळ्यात उल्हासच्या बाजूने नवीन माती येऊन बसते, त्याचं आपोआप पांघरूण होतंय. खारफुटीची मुळं ते धरून ठेवतात. तिवरं तोडली, भराव टाकला, किंवा आत काय आहे ते न तपासता ड्रेजिंग केलं, म्हणजे गाळ उपसला, की ते पांघरूण फाटतं आणि तीस वर्षांपूर्वीचा पारा परत पाण्यात. मिनामातात त्यांनी १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षं गाळ उपसला आणि बंदिस्त करून त्यावर ५८ हेक्टर जमीन केली, सोपं काम नव्हतं ते. म्हणून तुमच्या भागात जेट्टी किंवा चॅनेलचं काम निघालं तर जनसुनावणीला जाऊन एवढंच विचारा की गाळाचे कोअर, म्हणजे वरपासून खालपर्यंतचे उभे नमुने, काढले का, प्रत्येक थरात पारा मोजला का, आणि उपसलेला गाळ टाकणार कुठे. सासऱ्यांना सोबत न्या, कुठे किती खोल गाळ आहे आणि भरतीला तो कुठे सरकतो हे त्यांना कुठल्याही कन्सल्टंटपेक्षा जास्त माहिती असतं.

केसांचं सँपल द्यायचं असेल तर डोक्याच्या मागच्या बाजूचे, मुळाशी कापलेले, पेन्सिलीएवढी जुडी, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधून कागदी पाकिटात. मेंदी, डाय नको, आणि त्या महिन्यात काय काय मासे खाल्ले ते वहीत लिहून ठेवायला सांगा, नुसत्या आकड्यावरून मला काही सांगता येत नाही.